ताशी साठ घनमीटर

युरोपच्या रस्त्यांवर धावणारा नेहमीचा रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा, ट्रेलर आतून १३ मीटरच्या थोडा पुढे लांब असतो, अडीच मीटर रुंद आणि साधारण २.६ मीटर उंच. म्हणजे त्यात सुमारे ८५ घनमीटर हवा मावते. भिंती, छत आणि तळ, सगळीकडे पॉलियुरेथेन फोम ठासलेला. मागचे दोन दरवाजे रबरी पट्ट्यांवर घट्ट बसतात आणि त्यांच्या दांड्या बाहेरून फिरवून अडकवायच्या असतात. आतून उघडायची सोय नसते, कारण आत माल असतो आणि मालाला बाहेर यायचं नसतं.

पुढच्या भिंतीवर कूलिंग युनिट. त्यातला पंखा थंड हवा छताला धरून थेट मागच्या दरवाजापर्यंत फेकतो. तिथून ती खाली उतरते, मालाच्या फटींतून आणि तळाच्या खाचांतून पुढच्या भिंतीकडे परत येते आणि पुन्हा त्याच पंख्यात शिरते. या एका फेऱ्यावर इंजिनिअर मंडळी वर्षानुवर्षं डोकं लावतात. युनिट जितकं आटोपशीर, तितकी मालाला जागा जास्त. पंखा जितका हलका फिरेल तितकं डिझेल कमी. हवा अर्ध्या वाटेतूनच परत फिरली तर दरवाजाजवळचा माल तापतो आणि पाठवणाऱ्याचे पैसे बुडतात. चांगल्या युनिटचा पंखा ताशी ५,००० घनमीटरच्या आसपास हवा हलवतो. हिशोब केला तर ट्रेलरभर हवा जवळपास दर मिनिटाला एकदा पंख्यातून जाते. मात्र ती तीच हवा असते. बाहेरून नवी हवा आणणं हे त्या पंख्याचं काम नाही.

पुढचा सगळा घटनाक्रम या एका गोष्टीवर उभा आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात अशाच एका ट्रेलरमध्ये ३९ माणसं मेली. तिथे तर पंखाही बंद होता.

२२ ऑक्टोबर २०१९, सकाळी ११ च्या सुमारास. बिएर्न, उत्तर फ्रान्स

डंकर्कजवळच्या या लहानशा गावात एका आडवाटेला ट्रेलर उभा आहे. माणसं टॅक्सीने येतात आणि मागच्या दरवाजातून आत चढतात. सगळी व्हिएतनामची, बरीचशी न्ये आन आणि हा तिन्ह या मध्य-उत्तरेकडच्या प्रांतांतली. ३१ पुरुष, ८ स्त्रिया. सर्वांत लहान दोन मुलगे १५ वर्षांचे. इंग्लंडला पोहोचवण्याचा भाव माणशी १३,००० पौंडांपर्यंत होता. त्यांना चोरून नेणाऱ्या टोळीच्या भाषेत या प्रवासाला 'व्हीआयपी' म्हणत, म्हणजे खात्रीचा.

टोळीने याच महिन्यात आधीही फेऱ्या केल्या होत्या. तेव्हा माणसं याहून कमी असत. पोहोचली, उतरली, पांगली. त्या फेऱ्या पार पडल्यामुळे टोळीला वाटलं असावं की आपल्याला हे जमतं. पण बंद पेटीत माणसं दुप्पट झाली की वेळ निम्मा होतो. हे कळायला डॉक्टर किंवा इंजिनिअर असावं लागत नाही.

एमन हॅरिसनच्या ट्रकला जोडलेल्या या ट्रेलरचे दरवाजे लागतात. इथून घड्याळ सुरू होतं.

आता तो हिशोब. स्वस्थ बसलेला माणूस तासाला अदमासे १५ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो आणि त्याहून थोडा जास्त ऑक्सिजन घेतो. ३९ माणसांचा कार्बन डायऑक्साइड तासाला ५८५ लिटर. ८५ घनमीटरच्या पेटीत याचा अर्थ दर तासाला त्याचं प्रमाण साधारण ०.७ टक्क्याने वाढणार. पहिल्या एक-दोन तासांत कुणाला काही जाणवत नाही. ३ टक्क्यांच्या पुढे श्वास खोल होतो, डोकं ठणकतं. ५ टक्क्यांना धाप लागते. ७ ते १० टक्क्यांच्या मध्ये माणूस बेशुद्ध पडतो. तोवर ऑक्सिजनही २१ टक्क्यांवरून १३ च्या घरात आलेला असतो. घाबरलेला, धडपडणारा माणूस स्वस्थ बसलेल्यापेक्षा कितीतरी अधिक हवा वापरतो, तेव्हा हे आकडे उदार धरलेले आहेत.

पुढे खटल्यात तज्ज्ञाने सांगितलं की आतली हवा प्राणघातक व्हायला सुमारे ९ तास लागले असते.

दुपारी अडीच-पावणेतीन, स्थानिक वेळ. झीब्रुख बंदर, बेल्जियम

ट्रेलर बंदरात पोहोचतो. कागदावर माल म्हणून बिस्किटं लिहिली आहेत. बिस्किटांना थंडी लागत नाही, म्हणून रीफर असूनही युनिट बंद असण्यात कुणाला वावगं दिसण्याचं कारण नाही. हॅरिसन ट्रेलर सोडून निघून जातो. आता त्याला इंजिन नाही आणि ड्रायव्हर नाही. उत्तर समुद्र ओलांडणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा असाच एकटा जातो. एका किनाऱ्यावर ट्रेलर सोडायचा, दुसऱ्या किनाऱ्यावर दुसऱ्या ड्रायव्हरने उचलायचा.

दरवाजे लागून आता साडेतीन तासांच्या वर झालेत. हिशोबाने आत कार्बन डायऑक्साइड अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. डोकी जड व्हायला लागली असणार.

याच बंदराची एक जुनी नोंद इथे सांगायलाच हवी. १८ जून २००० ला झीब्रुखहून निघालेला एक रीफर ट्रक इंग्लंडच्या डोव्हर बंदरात उघडला गेला. टोमॅटोच्या खोक्यांमागे ६० चिनी माणसं होती. ५८ मेलेली, दोन जिवंत. त्या ट्रकला बाहेरची हवा घेणारी एक छोटी झडप होती. आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून डच ड्रायव्हर पेरी वॅकरने ती बोटीवर चढण्याआधी बंद केली. कूलिंगही बंद होतं आणि दिवस कडक उन्हाचा होता. वॅकरला १४ वर्षांची शिक्षा झाली. ती झडप इंग्लंडच्या आणि युरोपच्या वर्तमानपत्रांत आली, खटल्यात आली, माणसांची ने-आण करणाऱ्या प्रत्येक टोळीच्या कानावर गेली असणार. २०१९ मध्ये बंद ट्रेलरमध्ये माणसं भरणाऱ्याला हवेचं कळलं नाही, असं मी मानायला तयार नाही.

दुपार. क्लेमेंटाइन

मालवाहू जहाज क्लेमेंटाइन झीब्रुख सोडतं. टेम्सच्या मुखाकडचं, इसेक्स परगण्यातलं पर्फ्लीट बंदर गाठायला त्याला मध्यरात्र होणार आहे. इथून पुढच्या वेळा ब्रिटिश घड्याळाच्या, बेल्जियमपेक्षा तासाने मागे.

जहाजाच्या मालाच्या मजल्यावर ट्रेलर एकमेकांना खेटून साखळ्यांनी बांधलेले असतात. प्रवासात तिथे माणसांची ये-जा नसते. आतून कुणी भिंत बडवली तरी फोमच्या थरातून आणि जहाजाच्या घरघरीतून ती कुणाला ऐकू जावी?

हवेबरोबर दुसरी गोष्ट बिघडत होती, ती म्हणजे तापमान. माणसाच्या अंगातून स्वस्थ बसूनही सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. ३९ जणांची मिळून चार किलोवॅटच्या जवळ. साध्या पत्र्याच्या डब्यातून ती बाहेर झिरपली असती, कारण बाहेर ऑक्टोबरचा उत्तर समुद्र होता. पण रीफरच्या भिंती नेमक्या उष्णता अडवण्यासाठी बांधलेल्या असतात. नाशवंत मालाच्या वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार, १९७० चा एटीपी, पहिल्या प्रतीच्या पेटीकडून अशी अपेक्षा ठेवतो की भिंतीच्या दर चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या दर अंश फरकाला, ०.४ वॅटहून जास्त उष्णता जाऊ नये. सुमारे १५० चौरस मीटरच्या पेटीतून म्हणजे अंशाला ६० वॅट. चार किलोवॅट बाहेर जायला आतबाहेर साठ-पासष्ट अंशांचा फरक पडावा लागेल. तितका पडण्याआधीच आतली हवा माणसांच्या अंगाइतकी गरम होते. मग अंगातली उष्णता हवेत जाऊ शकत नाही. उरतो घाम, पण बंद पेटीत हवा दमट होऊन भरून जाते आणि घामही वाळत नाही. जी भिंत बाहेरची उष्णता मालापर्यंत पोहोचू देत नाही, तीच आतली उष्णता बाहेर जाऊ देत नव्हती.

संध्याकाळ

आतल्या माणसांनी कपडे काढले होते. फोन लावायचे प्रयत्न झाले, पण समुद्रावर आणि धातूच्या पेटीत सिग्नल नाही. आत एक लोखंडी दांडा होता. त्याने छत फोडण्याचा प्रयत्न झाला, त्याच्या खुणा पुढे तपासात मिळाल्या. छत फुटलं नाही.

या दांड्याची मला सर्वांत जास्त चीड येते. जे भोक त्यांना पाडायचं होतं ते फार मोठं लागत नव्हतं. ३९ माणसांचा कार्बन डायऑक्साइड १ टक्क्यावर रोखायचा तर ताशी साठ घनमीटर ताजी हवा पुरते. कूलिंग युनिटचा मोठा पंखा जितकी हवा फिरवतो त्याच्या हे सव्वा टक्कासुद्धा नाही. कॉम्प्युटरच्या डब्यात बसवतात तसला १२ सेंटिमीटरचा, काही वॅटचा पंखा मोकळ्या तोंडाने याहून जास्त हवा हलवतो. असा एक पंखा आणि समोरच्या टोकाला हवा बाहेर जायला तळहाताएवढी वाट, इतकं असतं तर उकाडा राहिला असता, पण गुदमरणं टळलं असतं.

आणि ही सोय माणसाला ठाऊक नाही असंही नाही. नाशिकची द्राक्षं न्हावाशेव्याहून युरोपला निघतात तेव्हा रीफर कंटेनरची ताजी हवेची झडप किती उघडी ठेवायची ते बुकिंगच्या कागदावर ताशी घनमीटरमध्ये लिहिलेलं असतं. फळ तोडल्यावरही श्वास घेतं, त्याचा वायू साठला तर माल खराब होतो, म्हणून पाठवणारे तो आकडा जपतात. शीतगृहाच्या खोल्यांनाही आतून उघडणारी कडी ठेवतात, कारण हमाल आत अडकू शकतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रेलरला तसली कडी नाही. आता असे मोठे प्रसंग झाल्यावर तरी, प्रत्येक नव्या रीफर ट्रेलरला आतून उघडणारी कडी आणि कार्बन डायऑक्साइड ओळखून बाहेर दिवा लावणारा एक सेन्सर सक्तीचा करायला हवा. किमतीच्या मानाने तो खर्च नगण्य आहे. कुणी म्हणेल, मग चोरटी वाहतूक करणारे त्यांच्यावर चिकटपट्टी लावतील. लावतीलही. पण मग कोर्टात चिकटपट्टीबद्दल उत्तर द्यावं लागेल.

७ वाजून ३७ मिनिटं

२५ वर्षांचा एक तरुण फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करतो. घरच्यांची माफी मागतो, आता तुमची काळजी घेता येणार नाही म्हणतो, श्वास घेता येत नाही, घरी परत यायचंय, असं म्हणतो. आठ वाजल्यानंतर लगेच दुसरा एक जण असाच निरोप ठेवतो. हे निरोप त्या वेळी कुठेही पोहोचले नाहीत. ते पोलिसांना फोनमध्ये सापडले आणि लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात ज्यूरीने ऐकले.

दरवाजे लागून नऊ तास उलटून गेले होते. तज्ज्ञाचा आकडा आणि त्या तरुणाचे शब्द एकाच वेळेवर येऊन पडतात.

रात्र

यापुढे आत काय झालं हे सांगणारं कुणी नाही. राहिली ती एक नोंद. रीफर ट्रेलर तापमानाची नोंद ठेवतो, माल वाटेत तापला का हे घेणाऱ्याला कळावं म्हणून. त्या नोंदीत आतलं तापमान चढत चढत ३८.५ अंशांपर्यंत गेलेलं दिसलं. मग ते हळूहळू उतरायला लागलं. उष्णता देणारी माणसं थांबली होती, हा त्या उताराचा अर्थ.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात पार्नडॉर्फजवळ हमरस्त्यालगत सोडलेल्या एका रीफर ट्रकमध्ये ७१ माणसं मेलेली सापडली होती. सीरिया, इराक, अफगाणिस्तानातून निघालेली. तो ट्रक लहान होता आणि त्यात माणसं जवळजवळ दुप्पट. तिथे तीन तासही लागले नव्हते. आतून बडवल्याचे आवाज ड्रायव्हरने ऐकले होते आणि फोनवर तसं कळवलंही होतं. हंगेरीच्या तपासयंत्रणेने टॅप केलेल्या संभाषणांतून ते उघड झालं. क्लेमेंटाइनवरच्या ट्रेलरमध्ये ऐकायला ड्रायव्हरही नव्हता.

२३ ऑक्टोबर, रात्री साडेबाराच्या सुमारास. पर्फ्लीट

क्लेमेंटाइन धक्क्याला लागते. ट्रेलर उतरवला जातो.

१ वाजून ८ मिनिटं

उत्तर आयर्लंडचा २५ वर्षांचा ड्रायव्हर मॉरिस रॉबिन्सन आपल्या ट्रकला ट्रेलर जोडून बंदरातून बाहेर पडतो. त्याचा मालक रोनन ह्यूज याने त्याला स्नॅपचॅटवर निरोप पाठवला आहे. लवकर हवा दे, बाहेर सोडू नकोस. रॉबिन्सनने उत्तरादाखल अंगठा पाठवला आहे.

सगळ्या खटल्यात मला या निरोपाइतकं वजनदार काही दिसत नाही. हवा संपते हे त्यांना माहीत होतं. ती कुठे संपते, कुणाची संपते, दरवाजा उघडल्याने काय होतं, सगळं माहीत होतं. मग ती किती पुरते एवढंच विचारायचं राहिलं होतं, आणि ते विचारण्याची वेळ १५ तासांपूर्वी, बिएर्नला होती.

१ वाजून १३ मिनिटं. ग्रेज

वॉटरग्लेड औद्योगिक वसाहतीजवळ, ईस्टर्न अव्हेन्यूवर रॉबिन्सन ट्रक थांबवतो आणि मागे जाऊन दरवाजा उघडतो. सीसीटीव्हीत दाराशी वाफेचा लोट बाहेर येताना दिसतो. आतली दमट, गरम हवा ऑक्टोबरच्या थंडीत येताच धुकं होऊन दिसली.

तो पुन्हा ट्रकमध्ये बसतो. काही मिनिटं आसपासच्या रस्त्यांवर फिरून परत त्याच जागी येतो. या वेळात तो ह्यूजशी बोलतो, टोळीतल्या गेओर्गे निकाशी बोलतो. अॅम्ब्युलन्सला फोन करत नाही.

१ वाजून ३६ मिनिटं

तो ९९९ ला फोन लावतो. दरवाजा उघडून २३ मिनिटं झालेली. मागे माणसं आहेत आणि सगळी जमिनीवर पडलेली आहेत, असं तो सांगतो. अॅम्ब्युलन्सवाले पोलिसांना कळवतात. पोलीस काही मिनिटांत पोहोचतात. नाड्या तपासत ते आत शिरतात. एकही जिवंत नाही.

त्यानंतर

सुरुवातीला इसेक्स पोलिसांनी ही माणसं चिनी असल्याचं सांगितलं. व्हिएतनाममधल्या घरच्यांचे फोन तोवर आपल्या माणसांना लागत नव्हते. २६ वर्षांच्या एका मुलीचा आई-वडिलांना पाठवलेला निरोप तिच्या घरच्यांनी लोकांपुढे ठेवला. श्वास घेता येत नाही, परदेशी जायचा मार्ग फसला, असं त्यात होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांची ओळख पटली. मृत्यूचं कारण ऑक्सिजनचा अभाव आणि बंद जागेत अंगात साठलेली उष्णता, दोन्ही मिळून, असं नोंदवलं गेलं. २७ नोव्हेंबरला १६ शवपेट्या हनोईला विमानाने उतरल्या, ३० तारखेला आणखी १६ शवपेट्या आणि सात अस्थिकलश.

आणण्याचा खर्च व्हिएतनाम सरकारने आगाऊ भरला, पण तो कुटुंबांनी फेडायचा होता. शवपेटीला ६ कोटी ६० लाख डाँगच्या वर, अस्थी आणल्या तर ४ कोटी ४० लाखांच्या आसपास. म्हणजे अनुक्रमे दोन हजार पौंडांच्या थोडं वर आणि पंधराशेच्या आसपास. बऱ्याच घरांनी मुलांना पाठवायला आधीच जमीन गहाण टाकली होती, कर्ज काढलं होतं.

२२ जानेवारी २०२१ ला ओल्ड बेलीत न्यायमूर्ती स्वीनी यांनी शिक्षा सुनावल्या. निका २७ वर्षं, ह्यूज २० वर्षं, हॅरिसन १८ वर्षं, रॉबिन्सन १३ वर्षं ४ महिने. बिस्किटांचा कागद देणाऱ्या हॅरिसनने आत माणसं आहेत हे आपल्याला ठाऊक नव्हतं असा बचाव केला होता. ज्यूरीने तो मानला नाही. पुढच्या वर्षी बेल्जियमच्या ब्रुज कोर्टात तिथल्या टोळीतल्यांनाही शिक्षा झाल्या, त्यांच्या म्होरक्याला १५ वर्षं.